अक्षता टाकल्या, पण लग्न कुणाचं ते विचारलंच नव्हतं

तळ्याकाठची

माझा जन्म सोलापूरचा, शाळा सोलापूरची, लग्न होऊनही सोलापुरातच राहिले, फक्त पेठ बदलली. त्यामुळे गड्डा, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची (सिद्धरामेश्वरांची) जत्रा, ही आमच्या घरात मुद्दाम बघायला जायची गोष्ट कधीच नव्हती. जानेवारी आला की हुरडा येतो, तीळ येतात आणि गड्डा येतो. लहानपणी आप्पांचं बोट धरून होम मैदानावर जायचं, पाळण्यात बसायचं, गरम भजी खायची, कानात बसलेली धूळ घेऊन घरी यायचं. अक्षतांच्या दिवशी मूठभर तांदूळ घेऊन संमती कट्ट्याकडे गर्दीत उभं राहायचं. कानडीतली मंगलाष्टकं ऐकू यायची, 'सत्यं सत्यं' एवढंच समजायचं, मग सगळे तांदूळ उडवायचे आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा आवाज उठायचा. तो आवाज अंगावर यायचा. अजूनही येतो. असं तीस-पस्तीस वर्षं चाललं.

काही वर्षांपूर्वी अक्षतांच्या वेळी माझ्या शेजारी एक म्हातारी बाई उभी होती. कपाळावर भस्म, डोक्यावर पदर, हातात तांदळाची पुरचुंडी. अक्षता पडल्या, लोक एकमेकांना तिळगूळ द्यायला लागले, आणि ही बाई पदराने डोळे पुसत होती. गर्दीत चेंगरली असेल असं वाटून मी विचारलं, "अव्वा, बरं वाटत नाही का?"

ती म्हणाली, "लेकीचं लगीन हाय न्हवं ग यव्वा."

"कुणाच्या लेकीचं?"

"कुंभाराच्या. आज अक्षता पडल्या, उद्या राती होमात जाती ती."

मी गप्प झाले. लग्न नंदीध्वजाचं (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीचं) असतं, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचं लग्न लागलं होतं, ही कथा मला अर्धवट ठाऊक होती. शाळेत कधीतरी कुणीतरी सांगितलेली. तिने सिद्धरामांना लग्नाचं विचारलं, ते म्हणाले मी संसार करणार नाही, फार तर माझ्या योगदंडाशी लग्न लाव, आणि तिने लावलं. पण दुसऱ्या दिवशीचा होम हा त्याच मुलीचा, हे मी कधी जोडलंच नव्हतं. मला दोन वेगळे कार्यक्रम वाटायचे. एक अक्षतांचा, एक होमाचा, मग शोभेचं दारूकाम, मग संपलं.

त्या वर्षी दुसऱ्या रात्री मी एकटी होम मैदानावर गेले. मुलांना घरी ठेवलं. होमाजवळ जायला कशीबशी जागा मिळाली. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवलेला होता, मणी-मंगळसूत्र, जोडवी, हार. नवरी असते तशीच. आणि मग तिला अग्नी दिला. बाजरीची पेंढी कोरडी असते, भसकन पेटते. मागे पाळण्यांचे दिवे फिरत होते, कुणीतरी फुगे विकत होतं, आणि इथे शालू जळत होता. दोन्ही एकाच मैदानावर, शंभर पावलांच्या अंतरात.

मैदानाचं नाव होम मैदान का, हेही मला त्याच रात्री कळलं. माझा भाचा इंग्रजी शाळेत जातो, तो होम म्हणजे घर समजत होता, आणि त्याला चुकीचं ठरवण्याइतकी माहिती माझ्याकडेही नव्हती.

त्यानंतर मी विचारायला लागले. १३ जानेवारीला यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. पुढच्या वर्षी मी त्या मिरवणुकीमागून जमेल तितकं चालले. कानडी येणाऱ्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान, त्यात अवघड काय आहे? मला मात्र तो शब्द चाळीस वर्षं नुसता आवाज म्हणून ठाऊक होता. चालताना एक लिंग दुकानाच्या आडोशाला दिसलं, जिथून मी कित्येक वर्षं साड्या घेतल्या. पाठ करून उभी राहायचे त्याच्याकडे.

तुम्हाला असं झालंय का? रोजच्यातलं, अंगणातलं काहीतरी, आणि एका प्रश्नाने ते उघडलं. सिद्धेश्वराचंच असं नाही. कुठलाही सण, कुठलीही पेठ. मला खरंच ऐकायचं आहे.


काठीखालचा

ताई, आधी नमस्कार. मी नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्यांपैकी आहे, घरात तीन पिढ्या चालत आलंय. तुम्ही लिहिलेलं रात्री आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ बोलली नाही.

लोक बाराबंदी, धोतर, काठीवरचं बाशिंग आणि खोबऱ्याचे हार बघतात. ते बघावंच. पण ज्यांना खरी उत्सुकता असेल त्यांनी डिसेंबरात रात्री सरावाला यावं. तिथे बाशिंग नसतं, गर्दी नसते, नुसती काठी आणि माणूस. एवढी उंच काठी एकच जण पेलतो, बाकीचे भोवती हात पसरून चालतात, तोल गेला तर धरायला. नवीन पोरगा हमखास खाली, काठीच्या बुंध्याकडे बघतो. वजन तिथे जाणवतं ना. आमचे काका पहिल्या दिवशी एकच सांगतात: नजर शेंड्यावर. मी सोळा वर्षांचा असताना विचारलं, का? म्हणाले, काठी पडायची ठरवते ती आधी वर. शेंडा हलला की पाय त्या बाजूला गेला पाहिजे, हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. माझ्याबरोबरची दोन मुलं न विचारता वर्षभर धडपडत होती.

आणि एक. काठ्या सात, पण त्यांचे मान एका समाजाकडे नाहीत. वेगवेगळ्या समाजांची माणसं आपापल्या काठीखाली येतात. मिरवणूक बघताना काठ्या मोजा, पण काठीखालची माणसंही बघा. त्यांना विचारा. आम्ही सांगतो. फक्त काठी पेललेल्या माणसाला त्या क्षणी विचारू नका, तो शेंड्यावर असतो.


मग्गम

माझं घर तेलुगू, पद्मशाली. आजोबा हातमागावर, वडील पॉवरलूमवर, मी नोकरीत. सोलापुरात सगळ्यांना चादर आणि टॉवेल माहीत आहेत. आमच्या नारळी पौर्णिमेबद्दल मात्र शेजारच्या पेठेतही कुणी विचारत नाही. बाकीच्यांना ती राखी. आम्हाला मार्कंडेयांचा रथ. सकाळी जानवं बदलायचं आणि मग रथ.

मी विचारलेला प्रश्न सांगतो. नववीत असताना आज्जीला म्हटलं, आपण पद्मशाली, तर पद्म म्हणजे कमळ, कमळाचा आणि मागाचा काय संबंध? ती भाकरी थापत होती. म्हणाली, मार्कंडेयांचा मुलगा भावनाऋषी, त्याने देवांसाठी पहिलं कापड विणलं, तेव्हा कापूस कुठे होता? कमळाच्या देठातला तंतू काढून विणलं. मी त्या रविवारी मित्राबरोबर तळ्यावर जाऊन कमळाचं देठ मोडून बघितलं. खरंच निघतो हो तंतू! कोळ्याच्या जाळ्यापेक्षा बारीक, हवेत तरंगतो. त्या दिवसापासून मागाच्या आवाजाकडे मी वेगळ्या कानाने बघतो. बघतो म्हणजे ऐकतो, पण मला बघतोच म्हणायचंय.

नवरात्रात आमच्या बायका बतुकम्मा करतात. तरवडाची पिवळी फुलं (आम्ही तंगेडु म्हणतो), कुर्डूचे तुरे, झेंडू, ताटात गोल रचत शंकूसारखं वर न्यायचं, मध्ये ठेवून भोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा. गाण्याच्या प्रत्येक ओळीला 'उय्यालो' येतं, म्हणजे झोका. नऊ दिवसांनी पाण्यात सोडायचं. फुलं बहुतेक माळावरची, रानातली, पावसाळा संपता संपता उगवणारी. देवाला गुलाब-मोगराच लागतो असं नाही, हे मला त्यातून कळलं.

ताई, यंदा नवरात्रात पूर्व भागात या. घराघरापुढे फेर असतो. आई तुम्हाला हाताला धरून आत ओढेल, पायांची काळजी करू नका.


माळावरचा

हुरड्याचं कुणी काढलं नाही अजून म्हणून लिहितो. आमचं शेत उत्तर सोलापुरात, ज्वारीचं. दरवर्षी पाहुणे हुरड्याला येतात, शेंगा चटणी, गूळ, दही, आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं हातावर चोळून. लोकांना ही सहल वाटते. मलाही वाटायची.

मग कीर्तनात की प्रवचनात एकदा ऐकलं की सिद्धरामांची गोष्टच हुरड्यापासून सुरू होते. लहान सिद्धराम शेत राखत होता. एक जंगम (फिरता शिवभक्त साधू) आला, मल्लय्या म्हणून. हुरडा मागितला, पोराने दिला. मग म्हणाला, पोटात आग पडली, दहीभात आण. पोरगं घरी पळालं, दहीभात घेऊन आलं, तर जंगम नाही. मल्लय्या, मल्लय्या म्हणून हाका मारत ते पोरगं श्रीशैलापर्यंत गेलं, आणि तो मल्लय्या म्हणजे मल्लिकार्जुन. म्हणून त्यांच्या वचनांच्या (छोट्या कानडी रचनांच्या) शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' अशी मुद्रा येते. बाराव्या शतकातला माणूस, बसवण्णांच्या काळातला, कानडीत लिहिणारा, आणि गोष्ट आमच्या बांधावरची.

हुरड्यानंतर आम्ही पाहुण्यांना दही देतोच, हुरडा उष्ण पडतो म्हणून. ते ऐकल्यापासून दही वाढताना हात थांबतो माझा. कुणी विचारलं तर गोष्ट सांगतो. न विचारणाऱ्याला नुसतं दही.


बदलीवाली

मी इथली नाही, मूळ गाव अकोल्याकडे, नोकरीनिमित्त दोन वर्षं सोलापुरात आहे. पहिल्या वर्षी ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं, गड्डा बघा. गेले, गर्दी बघितली, परत आले. मला वाटलं, हे इथल्या लोकांचं आहे, मी पाहुणी. विचारायचा संकोच वाटला. कानडी येत नाही, कोणत्या मंदिरात कुठे उभं राहावं हे माहीत नाही, चुकून कुणाच्या मानाच्या जागी उभी राहिले तर?

हा धागा वाचून वाटलं की विचारलं असतं तर चाललं असतं. यंदा एकच दिवस सुट्टी मिळेल. कोणता घ्यावा?


काठीखालचा

एकच असेल तर पहिला. यण्णीमज्जनाचा. अक्षतांना गर्दी फार, लांबून आलेल्या माणसाला काही दिसत नाही. पहिल्या दिवशी सकाळी हिरेहब्बू वाड्यापाशी या, पूजा झाली की मागून चाला. चालणाऱ्याला कुणी विचारत नाही तू कुठला. दमला की कुठल्यातरी दारात पाणी मिळतं.


प्रश्न पडलेली

मला एक गोष्ट मनापासून लिहायची आहे, कुणाला दुखवण्यासाठी नाही.

तळ्याकाठचीनं जे लिहिलंय ते वाचून मला रात्री झोप आली नाही. मीही लहानपणापासून होम बघत आले, पण ती पेंढी म्हणजे नवरी आहे हे मला माहीत नव्हतं. आता कळलं आणि मला त्रास झाला. एका मुलीने प्रेम केलं, तिचं लग्न काठीशी लागलं, आणि मग अग्नी. आपण टाळ्या वाजवतो. मग कळून काय मिळालं? न कळता जो आनंद होता तो गेला की. माझ्या आईला मी हे सांगणार नाही. तिचा होम तसाच राहू दे.


तळ्याकाठची

तू लिहिलंस ते बरं केलंस. मलाही पहिल्या रात्री तसंच झालं होतं. म्हणून तर मी एकटी गेले.

माझं उत्तर पूर्ण नाही. पण त्या अव्वाचे डोळे आठव. तिला सगळं माहीत होतं, मंगळसूत्रापासून आगीपर्यंत, आणि ती दरवर्षी येत होती. ती टाळ्या वाजवायला येत नव्हती. ती त्या पोरीसाठी रडायला येत होती, लेक म्हणून. इतक्या शतकांनंतर एका कुंभाराच्या मुलीसाठी कुणी रडतं हे मला न कळलेल्या आनंदापेक्षा मोठं वाटतं. तुझा त्रासही त्यातलाच आहे. तो होऊ दे.

आईला सांगायचं की नाही ते तूच ठरव. पण आधी तिला विचारून बघ. तिला माहीत असेल. आपल्या आयांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आपण विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत.


जुना पेठकर

वय ७४. मी प्रश्न पडलेलीच्या बाजूने थोडं बोलतो. सगळंच विचारून घ्यावं असं मला वाटत नाही. कप्पडकळीच्या दिवशी, शेवटच्या दिवशी, मल्लिकार्जुनाच्या देवळात मी जातो. नंदीध्वजांची वस्त्रं उतरतात. कप्पड म्हणजे वस्त्र, एवढं मला कानडी शेजाऱ्यांमुळे माहीत आहे. पण तिथे मी प्रश्न घेऊन जात नाही. पाच दिवस नटलेली काठी पुन्हा साधी होते, ते बघायला जातो. बायको गेल्यापासून जास्तच जातो. तिथे कुणी मला माहिती सांगायला लागलं तर मी हात जोडतो, आता नको म्हणतो.

भाकणुकीच्या वेळी मात्र मी तरुणांसारखा पुढे घुसतो! दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू, पुढे धान्यं, गूळ, खोबरं, पान-सुपारी. ते काय हुंगतं, बिचकतं का, यावरून वर्षाचा पाऊस-भाव सांगतात. खरं-खोटं मला ठरवायचं नाही. पण वासराचं नाक कुठे वळतं ते बघताना सगळी गर्दी श्वास रोखून उभी असते, आणि त्या शांततेत मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर होतो. तो आनंद मी सोडणार नाही.

एक आठवण मात्र तरुणांना करून देतो. यात्रेच्या आदल्या दिवशी १२ जानेवारी असतो. १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या आपल्या चौघांना फाशी दिलं. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर उठलं आणि इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, त्याचा हा शेवट. चार नावं वाचा. सोलापुरातल्या चार गल्ल्या ऐकू येतात. मी १२ तारखेला त्या हुतात्म्यांच्या चौकात फूल ठेवतो आणि १३ ला काठीमागे थोडं चालतो. माझ्यासाठी ती एकच यात्रा आहे.


मग्गम

काका, १२ तारखेला किती वाजता जाता? मी येतो.


जुना पेठकर

सकाळी आठ. ये बाळा. चहा माझ्याकडे.


पाणी बघणारा

तळ्याचं एक सांगून जातो. सिद्धेश्वराचं देऊळ पाण्यात आहे म्हणून सगळे फोटो काढतात. ते तळं सिद्धरामांनी लोकांना बरोबर घेऊन खणलं असं मानतात. अल्लमप्रभू, बसवण्णांच्या काळातला संत, सोन्नलिगीला आला (सोलापूरचं तेव्हाचं नाव) तेव्हा त्याने खणणाऱ्यांना विचारलं, तुमचा तो वड्डर राम कुठंय? वड्डर म्हणजे माती-दगड खोदणारा. खणणाऱ्यांना आपल्या गुरूचा अपमान वाटला आणि त्यांनी त्याच्यावर दगड फेकले, अशी कथा आहे. मी पाणीपुरवठ्याचंच काम करतो, दिवसभर खड्डे आणि पाइप. ही गोष्ट मला आमच्या मुकादमाने सांगितली, खड्ड्याच्या कडेला बसून भाकरी खाताना. त्याला म्हटलं, मग शिवी होती ती? तो म्हणाला, सायेब, खणणारा म्हटलं तर शिवी का व्हावी? मला त्याला उत्तर देता आलं नाही. अजून शोधतोय.


बदलीवाली

सुट्टी १३ ची टाकली. मंजूर झाली. काठीखालचा, वाड्यापाशी नेमकं किती वाजता?


काठीखालचा

सकाळी लवकर या, सात-साडेसातला. थंडी असते, शाल आणा. आई म्हणते तिच्यासोबत चाला, ती दरवर्षी पिशवीत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या घेऊन निघते.


प्रश्न पडलेली

आईला विचारलं. तिला माहीत होतं. तिच्या आईने सांगितलं होतं. म्हणाली, "मी दरवर्षी होमाला जाताना हिरव्या बांगड्या भरते, तुला कधी दिसल्या नाहीत का ग?"

दिसल्या होत्या. दरवर्षी.


तळ्याकाठची

यंदा होमाला मी तुझ्या आईशेजारी उभी राहीन, चालेल का? आणि त्या अव्वा दिसल्या तर ओळख करून देते. गेल्या वर्षी दिसल्या नाहीत. मी कट्ट्याच्या उजव्या बाजूला, नेहमीच्या जागी बघत होते.